शुभेच्छुक : मनकर्णाबाई

मनकर्णाले लोक कजाग म्हणतात. म्हणू द्या. मी अमीरबी, तिची शेजारीण, चौकात बांगड्यांचं दुकान आहे माझं. नवी नवरी होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी तिले. गरीब गाय होती बाई. शिंगं फुटले ते या गावापायीच.

तिचा नवरा निवृत्ती, सरळ माणूस. डोणगावच्या रस्त्याले लागून शेत. गावासाठी पाण्याची टाकी निघाली, पैसा परदेशातल्या एका बँकेचा. सरपंच दीपकनं टाकी उभी केली निवृत्तीच्या शेताच्या कोपऱ्यात, अन् कोनशिलेवर लिहिलं की जागा आपल्या बापानं दान दिली. पारावरच्या ग्रामसभेत निवृत्ती उठला, "जागा माही आहे" म्हणाला. दीपकनं कुठलासा नकाशा हलवला. म्हणे, "मोजणीत तो कोपरा आमच्याकडे आला. याले फुकटात नाव पाहिजे." गाव हसलं. पाणी सगळ्याइले पाहिजे होतं नं, मंग बोलते कोण? माझा नवराही हसला, अल्ला त्याले माफ करो.

त्या दिवसापासून पोरं निवृत्तीले 'दानशूर' म्हणून चिडवत. माणूस पारावर यायचा बंद झाला, अन् दुसऱ्या उन्हाळ्यात गेला. जाताना बायकोले म्हणाला, "मी खोटं नाही बोललो." घरच्या बाईले हे सांगायची पाळी यावी माणसावर? थू त्या सरपंचकीवर.

मनकर्णा माझ्यापाशी रडली नाही. म्हणाली, "अमीरबी, त्याच पारासमोर त्या दीपकले उघडा पाडीन."

मागच्या हिवाळ्यात बँकेची एक बाई टाकी पाहायले आली. दीपकनं शाल दिली, नारळ दिला. बाई बोलता बोलता म्हणाली, या कामाचे सगळे कागद बँकेच्या वेबसाइटवर ठेवलेले आहेत, कोणीही पाहू शकतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागदाचं काय करायचं होतं त्याइले? मागून मनकर्णानं विचारलं, "कोणीही म्हणजे मीपण?"

"तुम्हीसुद्धा," बाई म्हणाली. "मराठीत पाहिजे असतील तर तसं मागा."

मनकर्णाची पोरगी सुचिता खामगावले शिकते. तिनं मोबाइलवरून मागणी केली. किती दिवस तं काही पत्ताच नाही. मनकर्णा रोज विचारे, पोरगी वैतागून जाये. आला एकदाचा मराठी कागद. सुचिता माझ्याच दुकानात बसून वाचत होती, अन् मधीच थांबली. लिहिलं होतं, जमीनमालक निवृत्ती यांनी टाकीसाठी आपली जमीन स्वेच्छेने दान दिली. खाली त्याचा सातबारा, अन् अंगठा.

आता पाहा या दीपकचा कावा. खऱ्या मालकाचा कागद असल्याशिवाय बँक पैसा सोडत नव्हती. म्हणून तिकडे मालक निवृत्ती, अन् इकडे गावात मालक याचा बाप. तिकडचा कागद या खेड्यात कोण वाचते, असं वाटलं असन त्याले. अन् निवृत्ती चौथी शिकलेला, जिथंतिथं सही करे. अंगठा कोणाचा लावला, ते त्याले अन् देवालेच माहीत.

"तहसीलले जाऊ," सुचिता म्हणाली.

"जाऊ," मनकर्णा म्हणाली. "पण पहिले त्याचा वाढदिवस होऊ दे."

दीपकचा वाढदिवस म्हणजे चौकभर बॅनर, सगळ्याइवर तोच गॉगल लावून हात जोडलेला. आम्ही दोघी मेहकरले गेलो. बॅनर छापणारा पोरगा पान वाचून घाबरला, "मावशी, भांडणं होतील." मनकर्णा म्हणाली, "बँकेनं सगळ्यांसाठी ठेवलेला कागद आहे हा. मी फक्त मोठा करून राह्यली."

वाढदिवसाच्या सकाळी गावानं पाह्यलं. वर लिहिलेलं, 'दीपकभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : मनकर्णाबाई निवृत्ती.' अन् खाली ते अख्खं पान, अंगठ्यासकट. केक कापायले आलेले लोक वाचत उभे राह्यले. कोणी गाणं लावलं नाही, केक उन्हात पाणी पाणी झाला. मले लई बरं वाटलं, खोटं काऊन बोलू?

दीपकनं आधी दम दिला, फाडतो म्हणाला. मनकर्णा म्हणाली, "फाड. दुसरा छापून आणलेला आहे." मंग भरपाईची गोष्ट काढली. ती उठून घरात गेली. सांजच्याले सगळं गाव पारापाशी जमलं, तवा तो हात जोडून आला.

"काकू, चुकलं. निवृत्तीकाका खरं बोलत होते."

"जोरात."

तो जोरात बोलला. तवा हसलेले सगळे मान खाली घालून ऐकत होते, मीही त्यातच उभी होती. मले वाटलं, झालं, आता बाईचं मन निवलं असन.

"आता तं बॅनर काढा काकू," दीपक म्हणाला.

"ज्याले खोटा ठरवलं, त्याची माफी माग," मनकर्णा म्हणाली. "तो काढ म्हणन, त्या दिवशी काढीन."