काउंटरखालचं बटण

पेणच्या बाजारपेठेतल्या एका सराफी दुकानासमोरून जाताना आजही माझे पाय रेंगाळतात. नजर दागिन्यांकडे जात नाही, आधी काचेच्या दाराकडे जाते आणि मग काउंटरच्या आतल्या कडेकडे. बायको वैतागते. "निवृत्त झालात ना? आता जरा गिऱ्हाइकासारखं बघा की!" तिचं बरोबर आहे. पण त्या दारापायी एका बाईवर तुरुंगात जायची वेळ आली होती, आणि ते प्रकरण माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मी पेण पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. दुकानाला चुंबकाचं कुलूप असलेलं दार होतं. आतल्या माणसानं बटण दाबलं की चार-पाच सेकंद दार सुटायचं, पुन्हा चिकटायचं. आत येणं आणि बाहेर जाणं, दोन्ही त्या बटणाच्या मर्जीवर.

पंचनाम्याच्या वेळी शेठनी मला त्या बटणाची अख्खी कूळकथा ऐकवली. आधीचं बटण भिंतीवर होतं, तळहाताएवढं, दणका दिल्याशिवाय न दबणारं. "साहेब, सोन्याच्या दुकानात हे कारखान्यातलं बटण कसं शोभेल?" बसवणाऱ्यानं चार-पाच प्रकार काउंटरवर मांडले, तेव्हा शेठनी सगळ्यात छोटं उचललं. कोटाच्या गुंडीएवढं, बोट टेकलं तरी दबणारं. ते काउंटरच्या आतल्या कडेला, कंबरेच्या उंचीवर बसवलं. गिऱ्हाइकाला दिसत नाही, चोरालाही दिसत नाही. दार सुटताना वाजणारी पिपाणीही त्यांनी बंद करून घेतली, कारण ती डोक्यात जायची. एवढं सांगून शेठ अभिमानानं म्हणाले, "वर्षभरात एकदाही दार चुकून उघडलेलं नाही." त्यांचं हे वाक्य पुढे त्या बाईच्या गळ्याशी आलं.

चोरी अशी झाली. दुपारी एक जोडपं आलं. बाईनं मंगळसूत्र पसंत केलं, गळ्यात घालून बघितलं. मंगळसूत्र घेणाऱ्या सवाष्णीला हळदकुंकू लावायची त्या दुकानाची रीत होती. काउंटरवरची मुलगी कुंकू लावत असताना नवऱ्यानं शेजारच्या ट्रेमधल्या पाटल्या खिशात टाकल्या आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. दार सुटलं. तो बाहेर पडला, आणि "अहो, थांबा ना," करत त्याच्या मागून ती बाईही, गळ्यातल्या मंगळसूत्रासकट. शेठ आतल्या खोलीत फोनवर होते.

कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. फक्त कॅमेरा त्या मुलीच्या पाठीमागे होता. ती पुढे वाकते आणि त्याच क्षणी दार सुटतं, एवढं स्पष्ट दिसत होतं. तिचे हात दिसत नव्हते.

"बघा, वाकून बटण दाबलं हिनं," शेठ म्हणाले. "सामील आहे, साहेब!"

पहिली खबर रोह्याहून आली. तिथल्या एका सोनाराकडे कुणीतरी बिलाशिवाय पाटल्या मोडायला आणल्या होत्या. त्यानं माणसाला चहात गुंतवून ठेवलं आणि आतून फोन केला. आम्ही रोहा पोलिसांची मदत घेऊन त्याला उचललं. रोह्याजवळ वरश्याला त्यानं खोली भाड्यानं घेतली होती, तिथे बाई सापडली, मंगळसूत्रही सापडलं. इतक्या सरळ रीतीनं मुद्देमाल हाती लागला की मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.

चौकशीत तो माणूस लगेच बोलता झाला. फक्त एका प्रश्नावर अडला.

"दार कुणी उघडलं?"

"कुणीच नाय, साहेब. दुसरं गिऱ्हाईक आत आलं की सटकायचं, असं ठरलेलं. पन दार आपसूकच सुटलं."

"ती काउंटरवरची मुलगी तुझी कोण?"

"कोन नाय. आईशप्पथ!"

तो खरं सांगत होता, आणि त्या खरेपणानंच तिचा घात चालवला होता. चोर न पकडलेल्या साथीदाराला वाचवायला असंच बोलतो, हा आमचा रोजचा अनुभव. शेठनी तर लेखी मागणी केली की तिलाही आरोपी करा.

मी तिला जबाबाला बोलावलं. गडब गावची सून, भातशेतीवालं घर, नवरा रोह्याच्या कंपनीत शिफ्टवर. सोबत सासू आली होती, ती बाहेर बाकावर बसली. आमच्या महिला हवालदार ताई शेजारी होत्या. मुलगी खुर्चीवर बसली ती पर्स मांडीवर घट्ट धरून.

"बटण कुणाच्या बाजूला आहे?"

"माझ्याच."

"मग दार कसं उघडलं?"

"म्हायती नाय. मी हात नाय लावला, साहेब."

"पर्स बाजूला ठेव."

ती ठेवेना. पर्स आणखी पोटाशी ओढून घेतली. बारीक चणीची ती पोरगी, घामानं भिजलेली, पण पर्स सोडायला तयार नाही! माझा पारा चढला. पोलिसाला असं काही दिसलं की त्याचं डोकं एकाच दिशेनं धावतं. मी ताईंना झडती घ्यायला सांगितलं. त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या कामाचं काही नाही, साहेब. बाईमाणसाचं औषधपाणी आहे." मी पुढे विचारलं नाही.

बाहेर सासू म्हातारी तिला तांब्या देत होती. "पानी पी गो. जराशी बस." आणि माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाली, "साहेब, चोरी करायची नाय ती. पन तिला कोठडीत नका घालू. आता तर नकोच." 'आता तर' म्हणजे काय, हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी अटकेची कारवाई ठरली होती. सकाळी घरी बायको देवासमोर बसली होती. शेजारीण आली, तिला हिनं कुंकू लावलं. मी दाढी करता करता सहज बघत होतो. डाव्या हातात करंडा, उजव्या हाताचं बोट कपाळावर. मी वस्तरा तसाच धरून उभा राहिलो. अहो, कुंकू लावायला दोन हात लागतात! मग त्या मुलीनं बटण दाबलं कशानं?

मी ताईंना फोन केला. "तिला दुकानात बोलवा. अटक नाही, प्रात्यक्षिक आहे. दोन पंचही बोलवा."

दुकानात मी ताईंना गिऱ्हाईक म्हणून खुर्चीवर बसवलं. मुलगी काउंटरमागे उभी राहिली. तिनं करंडा उचलला आणि दाराकडे बघत राहिली.

"घाबरू नकोस. त्या दिवशी जसं लावलंस, तसंच लाव."

ती पुढे वाकली. डावा हात वर, उजवा हात ताईंच्या कपाळावर. दोन्ही पंचांना दोन्ही हात दिसत होते. खट! दार सुटलं.

ती तशीच वाकलेली राहिली, आणि मग तिनं करंडा खाली ठेवून दोन्ही हात पोटावर घेतले. ताई उठल्या. "साहेब, हिला आधी बसायला द्या," त्या म्हणाल्या. मुलीनं मान खाली घालूनच सांगितलं, "पाचवा हाय."

वर्षभर चुकून न उघडलेलं दार त्या दिवशी का उघडलं, याचं उत्तर समोर होतं. दुकानाच्या गणवेशाची साडी, त्यावर कंबरेला खोचलेला पदर. बघणाऱ्याला काही कळत नव्हतं, पण वाकल्यावर पोट काउंटरच्या कडेला टेकत होतं आणि ते हलकं बटण तिथेच होतं. पंचनामा पक्का व्हावा म्हणून मी दुकानातल्या दुसऱ्या सडपातळ मुलीला वाकायला लावलं. दार जागचं हललं नाही. मग मी स्वतः वाकलो. अर्ध्यावर पोचलो नाही तोच खट! ताईंनी तोंडाला पदर लावला. एक पंच तर उघड हसला. हसू दे! माझ्या पोटाचा सरकारी कामात उपयोग झालेला तो एकमेव प्रसंग.

शेठ मात्र हसत नव्हते. "अगं, मग आधी बोलली का नाहीस?"

ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलली. "माझ्या आधी काउंटरवर होत्या त्या ताईंनी दिवस गेल्याचं सांगितलं होतं तुम्हाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना घरी बसवलंत. परत नाय बोलावलं. आमचं आधीचं एक पोटातच गेलंय, शेठ. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं, सहावा लागेपर्यंत कुनाला सांगायचं नाय. औषधाला पगार लागतो."

शेठ म्हणजे काही वाईट माणूस नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मी बघितलं. आतून स्वतःची गादीची खुर्ची त्यांनी ओढत आणली आणि काउंटरमागे ठेवली. "बसून काम कर," म्हणाले. "आणि बाळंतपण झालं की परत यायचं. सगळ्यांदेखत सांगतोय." त्याच आठवड्यात बटण भिंतीवर गेलं, आणि तेही जुनंच, दणका द्यावा लागणारं.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी गडबहून बारशाचं बोलावणं आलं. ताई आणि मी दोघंही गेलो. शेठ आमच्या आधी येऊन बसले होते, चांदीचे वाळे घेऊन. सासूनं पाळण्यातली पोर उचलून थेट माझ्या हातात दिली. "घ्या साहेब. हिनंच उघडला तुमचा दरवाजा." ओटीवर बसलेले सगळे हसले. ती पोरही माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिला जबाब द्यायचाच नाही.

माझ्या हाताखाली शिकलेल्या फौजदारांना मी हे प्रकरण नेहमी सांगायचो. समोरचा माणूस पर्स पोटाशी धरतो, घाम पुसतो, डोळ्याला डोळा देत नाही, तेव्हा तो काहीतरी लपवत असतो, हे आपण चटकन ओळखतो. ती मुलगी लपवत होती, हा माझा अंदाज अगदी बरोबर होता. पण ती जे लपवत होती ते चोरीचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. आणि बारशाच्या दिवशी ते माझ्या दोन हातांत हुंकार देत होतं.