पंचफुलामावशीचं दुसरं माप

आमच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमाच्या सचिवांनी पंचफुलामावशीला फसवलं. मलाही फसवलं, पण ते नंतर सांगतो.

मावशी धनजची. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणं-सोंगणं करून तिनं एकुलत्या मुलाला शिकवलं. तो पुण्यात नोकरीला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सायकलवर भंगार गोळा करत होतो. तिनं मोडकी विळी आणि फुटकी बादली आणली. मी वजन सांगितलं. ती म्हणाली, "आता पुन्हा मोज. पहिलं माप तुयं, दुसरं मायं." दुसऱ्यांदा पावशेर जास्त भरलं. पहिल्या खेपेस पारड्याला खालून माझा अंगठा लागलेला तिनं पाहिला होता. मी भडकलो, तर ती पाणी घेऊन आली.

पुढे मी कामरगावात मोबाइलचं दुकान टाकलं. वृद्धाश्रमाच्या सचिवांना प्रत्येक खाटेजवळ बोलणारा डबा हवा होता. त्याच्या पडद्यावर लेकरं दिसतात, तो गोळ्यांची आठवण करतो आणि रोज सकाळी तब्येत विचारून उत्तर ऑफिसात व मुलांच्या फोनवर पाठवतो. तीन दिवस आमची घासाघीस चालली. नमुना दाखवायला गेलो, तर तिथल्याच एका खाटेवर मावशी. तिनं डब्याला आधी विचारलं, जेवला का. तो म्हणाला, मी जेवत नाही. "मंग तुले ठेवणं सोपं हाय," मावशी म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या.

मग तिनं मला बाजूला घेतलं. सुमन नावाची मदतनीस रोज सकाळी एकेकाच्या खाटेवर बसून विचारपूस करायची.

"बापू, डबा आला की सुमनले काढतीन हे. तू अट टाक."

मी म्हटलं, डबा विचारेलच की.

"कोणी इचारलं कशी हाय, तर आमी म्हणतो बरी हाय. ताप असला तरी बरी हाय. सुमन हात धरून दुसऱ्यांदा इचारते, तवा खरं निघते."

मी अट टाकली: डबे खरेदीच्या भावात देतो, पण सुमनची फेरी बंद व्हायची नाही. सचिवांनी हातावर हात दिला. बिलाशिवाय चार्जर न विकणारा मी, ही गोष्ट तोंडी मानून बसलो.

डबा वाईट नव्हता. मावशी संध्याकाळी नातवाशी बोलायची आणि मेडशीच्या एका म्हाताऱ्याला शेजारी बसवायची. त्याचं कोणीच नव्हतं. "हा बी तुया आबाच हाय, बोल याच्यासंग," असं नातवाला सांगायची. महिनोन् महिने गप्प असलेला तो माणूस पोराला तुरीच्या शेंगा भाजायच्या कशा ते समजावू लागला.

दिवाळीनंतर सुमनला काढलं. मावशी सगळ्या बायांना घेऊन ऑफिसात गेली. डबा विचारतो ना, एवढंच उत्तर मिळालं. तिनं त्याच डब्यावरून मला फोन लावला: "बापू, या लोकायचं माप एकच हाय." दुकानात गर्दी होती. सोमवारी येतो म्हणालो.

सोमवार उजाडेपर्यंत चार सकाळी डब्यानं तिला तब्येत विचारली. चारही वेळा ती म्हणाली, बरी हाय. पाचव्या सकाळी उत्तर आलं नाही; मावशी गेली होती. न्यूमोनिया छातीत बरेच दिवस होता, असं डॉक्टर म्हणाले. मुलानं मला फोन दाखवला; त्यावर 'बरी हाय'च्या ओळीनं चार हिरव्या खुणा होत्या.

तेव्हापासून दर सोमवारी दुकान बंद ठेवून मी त्या ऑफिसात जाऊन बसतो. सुमन परत येईपर्यंत बसणार. सचिव म्हणतात, लेखी काही नाही. नाहीच. सोमवारी येतो म्हणालो, तेही लेखी नव्हतं. ते मी मान्य करतो. आता तुमचं सांगा, सचिवसाहेब. हातावर हात देऊनही सुमनला काढलंत, तेव्हा मावशीला दुसऱ्यांदा विचारायचं काम तुम्ही कोणाकडे दिलं होतं? ऑफिसात नको. बाहेर या, त्या खाटांसमोर उभे राहा आणि सांगा.