सर्जेरावच्या दंडातला उंदीर

पलूसचा सर्जेराव मिलिटरीतून रजेवर आला होता, तेव्हा कोरेगावला आमच्या विजयाआक्काला बघून गेला. त्याच्या आईनं तिला चालायला लावलं, केस सोडायला लावले, दात बघितले. तो मेला बाह्या सारून दंड मिरवत खिदळत होता. जाताना "कळवतो" म्हणाले. कळवतंय कोण? आक्का शिकली, इंग्रजीची बाई झाली, पुढं मुख्याध्यापिका. पण तिच्या आणि माझ्या, तिच्या धाकट्या बहिणीच्या, पोटातली आग काही विझली नाही.

एकोणऐंशी साली पेन्शनीत निघालेला सर्जेराव तिच्याच शाळेत पीटी मास्तर व्हायला मुलाखतीला आला. मी तिथंच शिवण शिकवायची, दारात उभी राहून बघत होते. त्यानं आक्काला ओळखलंच नाही.

"चालून दाखवा," आक्का म्हणाली. तो ऐटीत चालला.

"दात?" त्यानं दाखवले.

"आता दंड." त्यानं फुगवला.

"याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मसल, बाई."

"मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो ना, म्हणून."

मुलाखत घ्यायला बसलेले बाकीचे मास्तर हसले.

"टोपी काढा, केस बघू."

टोपीला लावलेला हात तिथंच थांबला. त्यानं आक्काकडं नीट बघितलं, ओळखलं आणि घाईघाईनं बाही खाली ओढली.

"बाई, नोकरीचं..."

आक्का गोड हसली. "आम्ही कळवतो."