सासूबाईंच्या नावावरचा कोळसा

किया ओरा मंडळी! आज इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावातल्या आमच्या घरात जे घडलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

माझ्या सासूबाई जोन इथल्याच. वडिलांनी वेस्ट कोस्टवरची जमीन विकून सगळे पैसे भावांना दिले, ही सल त्यांना आयुष्यभर होती. मध्यंतरी नवऱ्याच्या मामेभावाकडून कळलं, की जमीन विकली तरी खालच्या कोळशाचा हक्क विकलेलाच नाही. तिथे खाण चालू आहे, पण रॉयल्टी घ्यायला वारस सापडत नाही. मग मी हॉस्पिटलची ड्युटी सांभाळून वकील, खाण कंपनी, सगळ्यांच्या मागे लागले.

आज कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "हक्क एकट्या जोन यांच्या नावावर आहे. वडिलांनीच तसं करून ठेवलंय. लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून त्या आम्हाला सापडल्या नाहीत."

मी हे सांगताच जोन माझा हात धरून म्हणाल्या, "म्हणजे डॅड मला विसरले नव्हते!"

पैसे मिळायला अजून वेळ आहे. पण आज पहिल्यांदाच त्या आम्हाला वडिलांच्या गोष्टी सांगत बसल्यात.

तुमच्या आई-आजीच्या नावावर असं काही राहून गेलंय का? एकदा माहेरच्या आडनावानं शोधून बघा ना.