शेंदराखालचा जबडा

मांजरा नदीच्या काठी, आमच्या गावाखाली एक देव आहे. तो माझ्या वडलांनी केला. कसा केला ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्या वाटेनं जायची पाळी आली की मी मान खाली घालून जातो. लोकांना वाटतं, मास्तर नमस्कार करतायत.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. उर्दूत शिकलेला मी आता मराठी शाळेत शिकवत होतो आणि सुट्टी मिळाली की नदीच्या दरडी धुंडाळत होतो. कुणाच्या विहिरीला सुरुंग लागला की काळ्या दगडाच्या पोटातून काचेसारख्या गारा निघायच्या, त्या मी घरी आणायचो. दगड झालेले शंख आणायचो. घरातले कोनाडे भरून गेले. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते गावचे जोशी, पूजा नि मुहूर्त सगळं त्यांच्याकडं. माझे कोनाडे बघून ते आल्यागेल्याला सांगायचे, "लोकांची पोरं येरमाळ्याच्या बाजारातून गूळ आणतात, आमचं रत्न धोंडे आणतंय." आलेगेले हसायचे, मीही हसायचो. आत जळायचं ते वेगळं.

एका उन्हाळ्यात दरडीतल्या गोट्यांच्या घट्ट थरातून एक जबडा डोकावताना दिसला. त्यात दोन दाढा, वीतवीतभर लांब, वर आडव्या वळ्या, नुकतीच टाकी लावलेल्या जात्यागत. हत्तीचा जबडा होता तो. आमच्या उघड्याबोडक्या मुलखात, कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वी, हत्ती पाण्यावर येत होते. मी तिथंच वाळूत बसलो आणि रडलो. सांगायला मला लाज वाटत नाही.

हाड वरून दगड झालेलं, आतून भुसभुशीत. ओढलं असतं तर भुगा झाला असता. ते सोडवायची रीत जाणकारालाच माहीत, म्हणून मी हैदराबादला कळवलं. तिकडून उत्तर आलं की तुमचा जिल्हा आता मुंबई राज्यात गेला, तिकडं विचारा. मुंबईनं पुण्याकडं ढकललं. पुण्यानं कळवलं, हात लावू नका, आमचा माणूस येईल. राज्यं बदलली, पण माणूस काही येईना.

तेवढ्यात सडकेचं काम निघालं आणि ते काम घेतलेल्या गुत्तेदाराच्या गाड्या नेमक्या त्याच दरडीतले गोटे उकरून न्यायला लागल्या. मी गुत्तेदाराला विनवलं. तो म्हणाला, "मास्तर, हाडाला काय सोनं लागलंय का?" घरी येऊन मी न जेवता पडून राहिलो. अण्णांनी कारण विचारलं, मी सांगितलं. सकाळी अंघोळ करून तेलात कालवलेला शेंदूर घेऊन गेले आणि जबड्याला फासून आले. "आता कुणाची टाप न्हाय हात लावायची," म्हणाले. माझ्या दगडासाठी त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही केलं होतं. मला भरून आलं, मी त्यांच्या पाया पडलो.

गाड्या थांबल्या. गुत्तेदारानं स्वतः नारळ आणला आणि फोडला कुठं, तर जबड्यावरच.

मग काय विचारता. शनिवारी तेल, अमावस्येला नारळ, खाली चौथरा, वर पत्रा. निदान नारळ शेजारच्या दगडावर फोडायला सांगा, असं मी अण्णांना म्हणालो. "सांगतो," म्हणाले, सांगितलं नाही. पूजेचा मान आता त्यांचा होता. पार ढोकीकडून माणसं यायची आणि अण्णा त्यांना सांगायचे, देव स्वयंभू आहे. मी समोर उभा असताना सांगायचे.

पुण्याचा माणूस उगवला तेव्हा दुसरा पावसाळा उलटला होता. येडशीला रेल्वेतून उतरला, तिथून बसनं, शेवटी बैलगाडीनं आला बिचारा, सोबत हाड लिंपून उचलायला प्लास्टरची पोती. शेंदूर न लागलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं आणि मला हळूच म्हणाला, "हत्तीच आहे. तुमचं बरोबर होतं." तोवर गाव जमलं होतं. "साहेब, देव आमी न्हाय नेऊ देणार," एक म्हातारा म्हणाला. मी अण्णांकडं बघितलं. त्यांच्या एका शब्दानं काम झालं असतं. ते म्हणाले, "प्रतिष्ठापना झालेला देव हलवता येत न्हाय."

कसली डोंबलाची प्रतिष्ठापना? मी सगळ्यांसमोर सांगितलं की गाड्या थांबवायला शेंदूर लावला होता, बाकी काही नाही. तर म्हातारा हसून म्हणाला, "व्हय मास्तर, पर बापाच्या हातून देवानंच लावून घेतला की वो." कपाळ माझं! पुण्याचा माणूस पोती घेऊन परत गेला.

पुढच्या चैत्रात शेंदराचं कवच सुटलं. थरावर थर चढले की ते आपसूक निखळतं, आणि मग वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडायचं अशी रीत आहे. नारळांनी खिळखिळं झालेलं हाडही त्याच्याबरोबर निघून आलं. कवचाच्या आतल्या अंगाला दोन्ही दाढा रुतून बसल्या होत्या, वळ्या सगळ्या शाबूत. मी हात जोडले. शेंदूर सोडा पाण्यात, म्हणालो, दाढा तेवढ्या मला द्या. अण्णा म्हणाले, "देवाच्या अंगचं घरात ठेवत न्हाईत." ताशा वाजत होता. त्यांनी डोहात उतरून कवच सोडलं, ते लगेच बुडालं.

चौथरा रिकामा राहिला. लोक अण्णांच्या तोंडाकडं बघायला लागले. अण्णांनी पाण्यातला एक काळा गोटा उचलला, चौथऱ्यावर ठेवला आणि त्याला शेंदूर लावला. कुणाला काहीसुद्धा खटकलं नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं.

घराकडं येताना मी म्हणालो, "अण्णा, कुठलाही धोंडा चालत होता, तर माझाच का घेतला?"

त्यांनी चालता चालता ओल्या धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, "तू त्या दिवशी जेवला नव्हतास, म्हणून गेलो होतो बाबा."

त्या दिवशीही मी जेवलो नाही. या खेपेला त्यांनी कारण विचारलं नाही.