दोन डाव्या बैलांबरोबर दुसरबीड ते पिंपळगाव राजा

पंपावर सलग दोन दिवस टँकर आला नाही, तेव्हाच मी ठरवलं की आता बैलजोडी घ्यायची. मी खामगावात एका पेट्रोल पंपावर कॅशियर आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकून लोक हसतात. खुशाल हसा. त्या दोन दिवसांत माझ्या काचेपलीकडे जे चाललं होतं ते तुम्ही पाहिलं नाही. रिकामे कॅन घेऊन उन्हात बसलेले शेतकरी, ट्रॅक्टरची रांग पार वळणापर्यंत, मध्येच अडकलेला खताचा ट्रक, आणि जणू मीच डिझेल पदराखाली लपवलंय अशा थाटात काचेवर थापा मारणारी माणसं. तिसऱ्या दिवशी टँकर आला आणि सगळे सगळं विसरून गेले.

मला मात्र झोप येईना. आमच्याकडच्या बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ट्रकने येतं, खत ट्रकने येतं, नांगरणी ट्रॅक्टरवर, फवारणीचा पंप पेट्रोलवर, आणि वेचलेला कापूस जिनिंगला जातो तोही डिझेल जाळत. पंपावरच्या दराच्या पाटीवरचे आकडे मीच बदलते, ते बदलून बदलून झिजले. उद्या तेल मिळेनासंच झालं आणि त्याच्यामागे बाजार, पैसा सगळंच बसलं, तर खायचं काय? हा प्रश्न घरी काढला की माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

माझं माहेर पिंपळगाव राजाचं. तिथली शेती थोरला भाऊ, म्हणजे दादा, बघतो. दोन वर्षांपूर्वी त्याने घरची जोडी विकली आणि ट्रॅक्टर घेतला. रिकामा गोठा पाडून तिथे ट्रॅक्टरसाठी शेड बांधायची असं त्याने ठरवलं होतं, गवंडी अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी येणार होता. गोठा गेला की बैल परत येणं नाही, हे मला कळत होतं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, तेव्हा मी जाऊन भांडले. जोडी मी आणते, माझ्या पैशाने, गोठा पाडायचा नाही. दादाने टोमणा मारला.

"तेल संपते म्हनते, अन् बैल आनशीन टेम्पोत घालून."

म्हटलं, चालत आणीन. अखजीच्या आत आणली तर गोठा राहील? तो म्हणाला, "आन मंग." त्याला वाटलं, बोलून गप्प बसेन.

आमचे मामा दुसरबीडला असतात. घाटावरची जनावरं काटक, असा आमच्या घाटाखालच्या लोकांचा जुना समज, म्हणून त्यांनाच दोन बैल बघून ठेवायला सांगितलं. रजा टाकून मी एसटीने दुसरबीड गाठलं. हो, एसटी डिझेलवरच चालते. माझं बोलणं परतीच्या वाटेबद्दल झालं होतं.

पहिला बैल सोन्या, मामांच्या शेजाऱ्याचा, वयाने पोक्त, पांढरा. दुसरा तांब्या, तरुण आणि नावासारखाच तांबूस, रहीमभाईंकडचा. रहीमभाईंच्या मुलांनी ट्रॅक्टर घेतला होता. दोन्ही घरी बैल जुंपून दाखवले, दोन्ही ठिकाणी झकास चालले. मी दात बघितले, खूर बघितले, मान डोलावली. पैसे दिल्यावर रहीमभाईंनी तांब्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. मी बघतच राहिले, कारण बैल आता मोकळा उभा होता आणि त्याला धरायला माझ्याकडे ओढणीशिवाय काही नव्हतं.

"दावं नाही देत बेटी," ते म्हणाले. "जनावर तुमचं झालं, दावं घरीच राह्यतं. ते गेलं की गोठ्याची बरकत जाते."

शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला हे ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे जनावर विकताना बायकांना कुणी बाहेर बोलावत नाही. स्टँडवरच्या दुकानातून दोन नवी सुती दावी घेतली. तुम्ही असं काही करणार असाल तर दावी आधीच घेऊन जा.

मामांनी त्यांची जुनी बैलगाडी दिली आणि स्वतःही निघाले. गाडी टायरची. टायरही तेलापासूनच बनतात, ठाऊक आहे का, असं मामांनी निघतानाच विचारून घेतलं. मी म्हटलं, एवढं आपल्याला माफ आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोडी जुंपली आणि गाडी रस्त्याच्या डाव्या नालीत गेली. बाहेर काढली, परत नालीत. तांब्या उजवीकडे उभा राहायलाच तयार नव्हता, मान वाकडी करून सोन्याला रेटत होता. मामांनी दोघांची अदलाबदल केली, तर सोन्या रेटायला लागला. मग मामा जू सोडून तिथेच मैलाच्या दगडावर बसले. बैल लहानपणापासून एकाच बाजूला जुंपतात, डाव्याचा डावा आणि उजव्याचा उजवा. आम्ही दोन घरी दोन बैल पाहिले आणि दोन्ही ठिकाणी ते डाव्या बाजूला चालताना पाहिले, पण बाजू विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

"दोन डाव्या चपला घेतल्या आपण, शोभे," मामा म्हणाले. परत फिरू, एखादा बदलून घेऊ, असंही त्यांनी सुचवलं. बदलाबदलीत अखजी निघून गेली असती. मी म्हटलं, तांब्या तरुण आहे, शिकेल. रस्ता लांब आहेच.

शिकवायची पद्धत सोपी आणि जीवघेणी. मामा गाडीवर कासरा धरून, आणि मी तांब्याच्या तोंडापाशी दोरी धरून पायी. तो डावीकडे सरकला की मी उजवीकडे ओढायचं. साखरखेर्डा येईपर्यंत माझे तळहात सोलले होते आणि तांब्याने माझ्या पायावर दोनदा खूर ठेवला होता. मोटारसायकलवाले थांबून सल्ले द्यायचे. एकाने विचारलं, "काऊन ताई, टेम्पोले पैसे नाहीत काय?" मी सांगितलं, पैसे आहेत, अक्कलही आहे. तो गेला निघून.

उन्हाळ्यात या रस्त्याने जायचं तर पहाटे आणि उन्हं कलल्यावरच चाला, दुपारी चक्क झोपा. पाणी हापशावर मिळतं, पण बैलांसाठी बादली आपली हवी. कडबा वाटेतल्या कुठल्याही गावात मागा, दोन पेंढ्यांचे पैसे घ्यायला लोक लाजतात, तुम्ही मात्र द्या. लव्हाळ्याला एका टपरीवर चहा पाच रुपयांना, आणि भजी इतकी तिखट की मामांचे डोळे भरून आले. शेतं रिकामी होती. बांधाबांधाला उपटलेल्या पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग, आणि बीटीच्या पाकिटांचे रंगीत तुकडे काटेरी कुंपणांना अडकलेले.

अमडापूरला एका मंगल कार्यालयाच्या आवारात मुक्काम केला. उंद्रीच्या अलीकडे एका मळ्यात रोडग्यांचा बेत चालला होता, आम्हाला हाक मारून बसवलं. गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. तिथल्या म्हाताऱ्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाला, आता कपाशीत तण काढायला बैलांचा डवरा कुठं चालतो, तणनाशक मारतात. बैल पाळून करणार काय, फोटो काढणार? मी रोडगा तुपात बुडवला आणि म्हटलं, तणनाशकाचा डबा काय चालत येतो का तुमच्या शेतात? तो हसला आणि त्याने आणखी एक रोडगा वाढला. पटलं त्याला मुळीच नाही.

खरी परीक्षा उंद्रीपुढे, घाट उतरताना. टायरच्या गाडीला ब्रेक नसतो, उतारावर ती बैलांच्या अंगावर येते. मामांनी मागे एक ओंडका फरफटत बांधला. मी तांब्याशेजारी, उजवीकडे रस्ता आणि डावीकडे दरी. मी खूप घाबरले होते, ते इथे लिहून टाकते. तांब्याने जुन्या सवयीने एकदाच डावीकडे रेटा दिला असता तर सोन्या, गाडी आणि मामा सरळ खाली गेले असते. नेमका वळणावर समोरून तेलाचा टँकर वर चढत आला, हॉर्न वाजवत. तांब्याचं सगळं अंग थरथरलं. मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि काय बोलले ते आठवत नाही. त्याने डावीकडे अंग टाकलं नाही. टँकर अगदी आमच्या अंगाला घासून गेला आणि तांब्या आपल्या जागेवर, उजवीकडेच, उभा राहिला.

टँकर पुढे थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, आमच्याच पंपावर माल टाकणारा, चिखलीकडे चाललेला. "मॅडम, तुम्ही? बैल घेऊन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तू दोन दिवस आला नाहीस ना, त्याचंच हे.

खामगावात घरी न थांबता पुढे गेलो आणि अखजीच्या आदल्या संध्याकाळी पिंपळगाव राजाला पोचलो. अंगणात विटा येऊन पडल्या होत्या. दादा ओट्यावर बसलेला. तो उठला, जोडीभोवती फिरला, तांब्याच्या पायापासून मानेपर्यंत हात फिरवला आणि क्षणात ओळखलं. म्हणाला, हा डाव्याचा आहे. मी म्हटलं, होता.

तो घरात गेला. मला वाटलं, गवंड्याला फोन करतोय. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन दावी होती. जुनी, काळवंडलेली, गाठींपाशी गुळगुळीत झालेली. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या जोडीची. वहिनी मागून हळूच म्हणाल्या की ती त्याच्या अंथरुणाखाली असतात. रिकामा गोठा त्याला का पाडायचा होता, ते मला तेव्हा कळलं. एवढे दिवस मी त्याला तेल संपेल म्हणून भीती घालत होते, आणि त्याला दिवसातून चार वेळा त्या रिकाम्या खुंट्यांसमोरून जावं लागत होतं.

"एक सांगतो, शोभे," दादा म्हणाला. "तेल संपो, नाही तं गल्लीगल्लीत तेलाच्या विहिरी लागो, हे जोडी विकाची नाही. कबूल असन तं आत घेतो. नाही तं वापस ने."

मी कबूल केलं. त्याने माझी नवी दावी सोडून माझ्या हातात दिली, जुनी बांधली आणि दोघांना आत नेलं. सोन्या डाव्या खुंट्याला, तांब्या उजव्या. मामा तोवर विटांवर बसून पायातले काटे काढत होते.

आता मी परत काचेमागे बसते. तेल संपलेलं नाही. दादाचा ट्रॅक्टरही आहे, तो अधूनमधून डिझेल न्यायला येतो आणि विटा अजून अंगणातच पडल्यात. तळहात भरून आले, उजव्या पायाचं नख अजून काळं आहे. जग बसेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण बसलंच तर आमच्या घरची पेरणी होईल, एवढं मी बघून ठेवलंय. ती दोन नवी दावी मी कॅशच्या खिडकीमागे खिळ्याला टांगली आहेत. मालकांनी परवा विचारलं, पंपावर हे काय टांगलंय, काढून टाका. मी म्हटलं, राहू द्या साहेब. टँकर येणार नाही त्या दिवसासाठी आहेत.