भावाचा पत्ता शोधणारी स्क्रिप्ट

चौदा सप्टेंबर, रविवार. दुपारची भांडी आटोपली आणि भावाचा पत्ता बघायला बसले. दर रविवारचं कामच होतं ते.

धाकटा भाऊ मे महिन्यात कळव्याच्या घरातून निघून गेला. नोकरी सुटल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. भावजयीला ते बाहेरून कळलं, भांडण झालं, आणि दुसऱ्या सकाळी डबा न घेता गेला तो परतलाच नाही. फोन बंद. पोलिसांत जाऊ, असं मी लगेच म्हटलं होतं. भावजय म्हणाली, "नको ताई, चार लोकांत होईल. राग उतरला की येतील."

त्याचं ई-मेलचं खातं मीच उघडून दिलेलं, त्यामुळे पासवर्ड मला माहीत. खातं शेवटचं केव्हा आणि कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून उघडलं, ते त्यात दिसतं. हा पत्ता म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबलचक रांग. आमच्या मेलना तो उत्तर देत नव्हता, पण अधूनमधून खातं उघडत होता.

वर्तकनगरला माझ्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणारी एक मैत्रीण आहे. तिने आधीच्या नोकरीत लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मला दिली. ती रांग टाकायची, एंटर दाबायचं, शहराचं नाव येतं. भावाच्या पत्त्यावर उत्तर आलं, ठाणे. खात्रीसाठी आमच्या नागपूर शाखेचा पत्ता टाकला, तर बरोबर नागपूर आलं. मग मी भावजयीला फोन केला.

तिने पोळीभाजी केंद्रातलं काम सोडलं. रोज सकाळी खाडी ओलांडून ठाण्याला जायची. जांभळी नाका, तलावपाळी, स्टेशनच्या दोन्ही बाजू. कुणाला फोटो दाखवायची नाही, नुसती चालायची. पाय सुजले. मी म्हटलं, "अगं, एक दिवस तरी घरी बस."

"आणि नेमके त्याच दिवशी दिसले तर?"

दर रविवारी मी स्क्रिप्ट चालवायची आणि तिला "अजून ठाणेच" एवढं कळवायची.

त्या रविवारी कॉपी करताना अर्धीच रांग आली. माझ्या लक्षात येईपर्यंत एंटर दाबून झालं होतं. अर्ध्या पत्त्याला काही अर्थ नसतो. तरी उत्तर आलं, ठाणे.

मग मी गंमत म्हणून स्वतःचं आडनाव टाकलं. ठाणे.

तेव्हा कुठे ती फाइल उघडून वाचली. मी प्रोग्रामर नाही, पण एकेक ओळ सावकाश वाचली की कळतं. पत्ता एका वेबसाइटला पाठवायचा. उत्तरातून देश, शहर आणि इंटरनेट कंपनी वेगळी काढायची. त्यातलं फक्त शहर पडद्यावर दाखवायचं. आणि त्याच्या आधी एक ओळ होती. शहर रिकामं आलं तर तिथे 'ठाणे' लिहायचं.

मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं हो, विसरलेच मी. त्या नोकरीत आमच्या सगळ्या मशिनी ठाण्यातच होत्या. रिपोर्टात रकाना रिकामा दिसला की साहेब बोंब मारायचे, म्हणून टाकलेलं. का गं, काही अडलं का?"

"नाही," म्हटलं.

ती ओळ पुसली आणि वेबसाइटचं उत्तर जसंच्या तसं दाखवायला लावलं. भावाचे जपून ठेवलेले सगळे पत्ते पुन्हा टाकले. देश भारत. कंपनी मोबाइलची. शहर रिकामं. प्रत्येक वेळी.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी कळव्याला गेले. भावजय बादलीत पाय सोडून बसली होती. मी लॅपटॉप उघडून तिला ती ओळ आधी कुठे होती ते दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ठाण्यात नाहीत?"

"असेलही. ठाण्यातच आहे असं म्हणायला काही आधार नाही, एवढंच."

"मग कुठे आहेत?"

"ते यातून कळत नाही."

ती पाण्यात पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही ती ओळ कशाला काढली?"

उद्या पोलिसांत जायचं, एवढंच मी सांगितलं. तिने बादली उचलून पाणी मोरीत ओतलं. चहाचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला रजा कळवली आणि तिच्या दारात गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "त्या तर केव्हाच गेल्या, ठाण्याला." मी एकटीच पोलीस स्टेशनला गेले आणि भाऊ हरवल्याची तक्रार दिली. तो निघाला तेव्हा अंगावर कुठले कपडे होते ते मला माहीत नव्हतं. उंची अंदाजाने सांगितली.